औंढ्याच्या भातातलं निळं पाणी

पुस्तकाचं कव्हर काढणाऱ्या माणसावर कोणाचा म्हणून विश्वास नसतो. लेखकाला वाटतं, ह्यानं पुस्तक वाचलेलंच नाही. प्रकाशकाला वाटतं, हा मुद्दाम जास्तीचा रंग वापरतोय. छापखानेवाल्याला वाटतं, एवढ्या बारीक रेघा ह्यानं आपल्याला छळायलाच काढल्यात. आणि वाचकाला वाटतं, कव्हर इतकं झकास आहे म्हणजे आत नक्कीच काहीतरी गडबड आहे. ह्या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ म्हणून गळ घातली, तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं की ह्यांना लेख हवाय, की लेखाच्या निमित्तानं फुकटात कव्हर हवंय? अजून खात्री नाही. तरी लिहितो.

लोणावळ्याच्या बाजारात माझी खोली होती. हॉटेलांच्या पाट्या, चिक्कीच्या खोक्यांवरची चित्रं, बंगल्यांची नावं, जे येईल ते करायचो. सगळं गाव मला ‘पेंटर’ म्हणायचं. पुस्तकांची कव्हरं पुण्याहून यायची आणि त्यांच्याबरोबर एकेक नमुना यायचा. एका ऐतिहासिक कादंबरीच्या लेखकाला मी काढलेला घोडा लंगडा वाटला. गृहस्थ मला ओढत टांगा स्टँडवर घेऊन गेले आणि एकेक घोडं चालवून दाखवायला लागले. टांगेवाल्यांना वाटलं, आम्ही जनावरं जप्त करायला आलोय. बघता बघता सगळे टांगे पसार! मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना त्या दिवशी ओझी डोक्यावर घेऊन बंगले गाठावे लागले, आणि शिव्या मात्र मी खाल्ल्या. दुसऱ्या एक बाई होत्या, पाककृतींचं पुस्तक लिहिलेल्या. कव्हरवरच्या करंज्या बघून म्हणाल्या, “ह्या माझ्या नाहीत. असल्या फुगलेल्या करंज्या आमच्या जाऊबाई करतात. खरं सांगा, त्या तुम्हाला येऊन भेटल्या होत्या ना?” आता ह्याला काय म्हणायचं!

पण संशयाची खरी परीक्षा दिली ती औंढ्यात. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीच्या कव्हरापायी. कादंबरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळेल. आमच्या वडिलांच्या पिढीनं ती रडत रडत वाचलेली. मावळातलं एक शेतकरी घर, त्यांची भाताची खाचरं, आणि शेवटच्या प्रकरणात पाणी चढत चढत येतं नि सगळं शिवार गिळतं. कादंबरीतली सून बांधावर उभी राहून बघत असते. तिथं पुस्तक संपतं. इतकी वर्षं ते साध्या पुठ्ठ्यात निघत होतं. पुण्याचे प्रकाशक बापूराव ह्यांनी नवी आवृत्ती चित्राच्या कव्हरासह काढायचं ठरवलं आणि मला बोलावलं.

“खरं मावळ हवं,” बापूराव म्हणाले. “घरात बसून काढलेलं नको. आणि दोनच रंग. काळा नि निळा.”

दोनच रंग का, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. छापताना प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा लागतो. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. चित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं तो कोरून घेतात नि लाकडावर ठोकतात. जेवढा भाग उंच राहतो, तेवढ्याला शाई लागते. एकदा ब्लॉक झाला की त्यातलं काही नको असेल तर कोरणीनं खरडून काढता येतं. नवीन मात्र काही घालता येत नाही. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात कडू गोष्ट.

तर मी औंढ्याला गेलो. लोणावळ्याहून पायी जाण्यासारखं गाव. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. बांधावर एक दुबेळक्याची, बुंध्यातून दोन फांद्या फुटलेली जांभूळ होती, मागं डोंगराची सुरेख कड. मी फळीवर कागद ताणला नि बसलो. काळ्या रेघांनी खाचरं, जांभूळ, बांध काढला. मग शेवटच्या प्रकरणातलं पाणी कसं दिसेल ते बघावं म्हणून निळा रंग कालवला आणि खाचरांवरून सपासप ओढला.

“काय मोजताय?” मागून आवाज आला.

एक म्हातारा उभा होता. हातात विळा, डोक्याला पागोटं. गावात त्याला सगळे आबा म्हणायचे. ती खाचरं, ती जांभूळ, सगळं त्याचंच.

“मोजत नाही, आबा. चित्र काढतोय.”

“धरनाच्या टायमाला आलतं ते बी असंच म्हनायचं. ‘आमी हवा खायाला आलोय.’ त्यांच्यापाशी बी अशीच फळी व्हती. फळीवर कागद, कागदावर निळी शाई. जितं निळं लावलं, तितं पानी आलं.”

“अहो, हे पुस्तकाचं चित्र आहे. गोष्टीचं पुस्तक.”

“माझ्या बहिनीचं सासर पान्याखाली हाय. पानी उतरलं की घराचं जोतं दिसतंय. ती जाऊन बसती तितं दिवसभर.” म्हातारा माझ्याकडं नाही, कागदाकडं बघत होता. “हे माझं खाचार. ही माझी जांभळ. तुमी त्यावर निळं का लावलं?”

मी पुष्कळ समजावलं. म्हणालो, गोष्ट खोटी असते, रचलेली असते, त्यातली माणसं खोटी, त्यातलं पाणी खोटं. आबा नीट ऐकून घेत होता. मग म्हणाला, “समदं खोटं हाय म्हनता. मंग माझी जांभळ खरी कशी?”

  मी चंबूगबाळं आवरलं आणि चालू लागलो. खरं सांगू, म्हातारा येडं पांघरून पेडगावला जातोय असंच मला वाटलं होतं. चित्र काढू देण्याचे काहीतरी पैसे मागायचे असतील, म्हणून ही सगळी लांबण, असा माझा हिशेब. मी संशयी खराच, आणि त्याची मला फारशी लाजही नाही. पण त्या वेळी माझा संशय साफ चुकला.

चित्र पुरं झालं, बापूरावांना पसंत पडलं, मुंबईहून ब्लॉकही तयार होऊन आले. प्रूफ काढून बघण्यासाठी मी ते माझ्याकडंच ठेवले होते. एके दिवशी खोलीत तात्या उगवले. तात्या म्हणजे बंगल्यांच्या जागांचे व्यवहार जुळवणारा दलाल. मुंबईच्या शेठलोकांना मोक्याची जमीन दाखवायची नि शेतकऱ्याला घोळात घ्यायचं, हे त्यांचं काम. आजवर त्यांनी मला कधी नमस्कारही केला नव्हता. त्या दिवशी चिक्की घेऊन आले! मी तेव्हाच ओळखलं, पाणी मुरतंय.

“पेंटर, ते औंढ्याचं चित्र काढलंत म्हणे. निळ्या पाण्याचं. जरा दोन दिवस द्या की मला. जसंच्या तसं परत करतो.”

“कशाला?”

“सहज. बघायला. कला हो!”

कला? डोंबल! तात्यांना कलेचा पुळका आला म्हणजे कोणाचं तरी घर बुडणार. मी चित्र दिलं नाही, पण त्यांना चहा पाजून बोलतं केलं. आबानं मी गेल्यावर गावभर सांगितलं होतं की पुन्हा मोजणी झाली. तात्यांना हे कळलं तशी त्यांनी म्हाताऱ्याला भरीस घातलं: पाणी यायच्या आत विकून मोकळा हो, नंतर माती मिळेल. दिवाळीनंतर कागद करायचे ठरले होते. आणि मी काढलेलं चित्र हातात पडलं असतं, तर नुसता आबाच नाही, आख्खं औंढं तात्यांच्या दारात उभं राहिलं असतं.

चित्र मी दिलं नाही खरं, पण त्यानं काय होणार होतं? पुस्तक छापून झालं की लोणावळा स्टेशनच्या स्टॉलवर तेच चित्र लटकणार. तात्या एक प्रत घेणार नि गावात नाचवणार. वर म्हणणार, ‘आता तर छापूनच आलंय!’  धावत पुण्याला गेलो.

“नवीन चित्र?” बापूराव ओरडलेच. “नवीन ब्लॉक? जस्त काय झाडाला लागतं? पेंटर, खरं बोला, त्या दलालानं तुम्हाला फितवलंय का?”

“मग आहे त्या निळ्या ब्लॉकमधलं पाणी तरी खरडू द्या.”

“शेवटच्या प्रकरणातलं पाणी? मला फाडून खातील कमलाताई! त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या तर खुशाल खरडा.”

कमलाताई म्हणजे कादंबरीकारांची मुलगी. तळेगावला राहायच्या, शाळेत शिकवायच्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या पुस्तकातला एक काना इकडचा तिकडं होऊ द्यायच्या नाहीत. प्रत्येक आवृत्तीची प्रुफं पहिल्या आवृत्तीशी ताडून बघायच्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कोण्या जुळाऱ्यानं एकदा ‘पाऊलवाट’ची ‘पायवाट’ केली, तर बाईंनी आख्खा सोळा पानांचा फर्मा पुन्हा छापायला लावला होता. अशा बाईंकडं मी पाणी पुसायची परवानगी मागायला गेलो.

दारातच परीक्षा. “पुस्तक वाचलंत? सुनेच्या हातात शेवटी काय असतं?”

“रिकामी टोपली.”

“हं. आत या.” मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला पाणी जमलेलं नाही, म्हणून ही गोष्ट रचलीत. असं ना?”

“ताई, शपथेवर सांगतो.”

“शपथा सगळेच घेतात. बाबांच्या पुस्तकात पाणी आहे. ते काढलं तर उरतं काय?”

मला रागच आला. म्हटलं, “तुम्ही तुमच्या बाबांच्या पाण्याला जपताय. तिकडं त्या म्हाताऱ्याची खरीखुरी जमीन चाललीय. तो मला विचारतो, ‘समदं खोटं, मंग माझी जांभळ खरी कशी?’ तुम्हीच द्या त्याला उत्तर. मला तर देता आलं नाही.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “खरडा. पण छापून झालं की मी स्वतः औंढ्याला येणार. हा आबा नावाचा माणूस खरंच आहे, की तुम्ही पैदा केलाय, ते मला डोळ्यांनी बघायचंय.”

खरडायला बसलो आणि लक्षात आलं, सगळं पाणी काढलं तर शेतावर कोरा कागद उरतो. कोरी जमीन म्हणजे तात्यांच्या बंगल्यांना रान मोकळं! म्हणून मी पाणी सरसकट काढलं नाही. कोरणीनं मधलं मधलं जस्त काढत गेलो आणि बारीक उभ्या रेघा तेवढ्या ठेवल्या. त्या रेघांचं भात झालं. निळं भात, पण भातच. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ते काम केलं. आयुष्यात इतक्या खाचरांची चित्रं काढली, पण चित्रात भात लावल्यासारखं तेवढं एकदाच वाटलं. त्या कामाचा मला गर्व आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुस्तक बाहेर पडलं. कमलाताई शब्दाला जागल्या. तळेगावहून गाडीनं आल्या, स्टेशनवर उतरल्या आणि छत्री टेकत माझ्याबरोबर औंढ्याला चालत आल्या. वाटेत तीनदा विचारलं, “अजून आहे का गाव, की तेही बुडलं?”

आबाच्या ओट्यावर बघतो तो तात्या आधीच पाय पसरून बसलेले! दिवाळीनंतरचा वायदा अलीकडं ओढायचा त्यांचा बेत होता. शेजारीपाजारी जमलेले. आबाची बायको सोनामावशी दाराआड उभी, पदर तोंडाला लावून. बाई रडत होती, हे लांबूनच कळत होतं.

मी ताईंजवळचं पुस्तक, कव्हर वर करून, आबाच्या हातात दिलं. त्यानं ते उजेडाला धरलं, बोटानं बांध चाचपला, जांभूळ चाचपली.

“पानी न्हाई?”

“नाही, आबा.”

“हे काय, भात?”

“भात.”

“आगं ये, हिकडं बग,” त्यानं सोनामावशीला हाक मारली. “भात हाय ह्यात. आपलंच हाय.” म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की मला वाटलं जिंकलो.

तेवढ्यात तात्या खाकरले. “आबा, वरच्या चित्रावर जाऊ नका. ते ह्यांनी तुमच्यासाठी गोड करून आणलंय. आत काय छापलंय ते विचारा की. मी ऐकलंय, शेवटी सगळं शिवार पाण्याखाली जातं. छापलेलं आहे, छापलेलं!”

 आबाचं हसू मावळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खाली.  तात्या खोटारडा होता, पण ह्या वेळी खरं बोलत होता.

“ह्या ताई कोन?” आबानं विचारलं.

“ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांची मुलगी,” मी म्हणालो.

“लेक?” आबानं पागोटं सावरलं. “मंग ताई, तुमीच वाचा. शेवटाला काय हाय ते. तुमच्या बापानं लिवलंय, तुमी खोटं वाचायच्या न्हाई. पानी असंल तर तसं सांगा. मी आजच अंगठा करतो नि सुटतो.”

कमलाताई ओट्याच्या कडेला टेकल्या. चष्मा पुसला. आबाच्या हातून पुस्तक घेतलं, शेवटचं पान काढलं आणि वाचायला लागल्या. शाळेतल्या बाईंचा स्पष्ट, ठाम आवाज. पाणी चढत आलं, बांधाच्या पोटाला लागलं, सून टोपली घेऊन उभी राहिली. इथवर मला पाठ होतं. माझा जीव टांगणीला लागला. आता पुढच्या ओळीला सगळं संपणार.

“मग पाणी थांबलं,” कमलाताई वाचत होत्या. “सून रात्रभर बांधावर उभी होती. उजाडता उजाडता पाणी हळूहळू मागं सरलं. चिखलातून भाताचे शेंडे वर आले. ती खाली उतरली, आडवं झालेलं एकेक रोप तिनं हातानं उभं केलं. आणि त्या वर्षी त्या खाचरात पहिल्यापेक्षा जास्त भात पिकलं.”

कुठं अडखळल्या नाहीत, की वर बघितलं नाही. मी संशयी माणूस, त्यांच्या शेजारीच उभा होतो. हळूच वाकून पानावर नजर टाकली. पानावर पाणीच पाणी होतं.

“काहीतरीच काय!” तात्या ताडकन उठले. “असं नाहीये ते. बघू इकडं पुस्तक.”

कमलाताईंनी पुस्तक मिटलं. “माझ्या वडिलांनी काय लिहिलंय ते तुम्ही मला सांगणार?”

“बस की खाली, तात्या,” आबा म्हणाला. “लेकीला ठावं का तुला? जमीन न्हाई द्यायची. लय झालं. जा आता.”

तात्या गेले. पुन्हा त्या ओट्यावर ते कधी चढले नाहीत, आणि जमीन आबाकडंच राहिली. सोनामावशीनं कमलाताईंच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि त्यांच्या गालावरून हात फिरवून कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली. आबाला पुस्तक ठेवून घ्यायचं होतं, पण ताईंनी ते पिशवीत घातलं नि म्हणाल्या, “ही माझी प्रत आहे, आबा. तुम्हाला कव्हर राहू द्या.” मी एक सुटं कव्हर बरोबर आणलंच होतं, ते दिलं.

परतीच्या वाटेवर बाई माझ्यापुढं भराभर चालत होत्या. गाव मागं पडल्यावर एकाएकी थांबल्या.

“मी काय वाचलं ते तुम्ही बघितलंत.”

“छे! मी कशाला बघतोय?”

“बघितलंत. तुमची मान वाकलेली मला दिसली.” त्यांनी छत्रीचं टोक मातीत रोवलं. “बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा मी एकदा म्हटलं होतं, हा शेवट फार वाईट आहे, बदला ना. ते म्हणाले, ‘कमू, ज्यांचं बुडलं त्यांना मी काय सांगू?’ मग मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आणि आज…”

त्या रस्त्यात उभ्या राहून लहान मुलीसारख्या रडल्या. मी त्यांची छत्री धरून उभा राहिलो. जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि पिशवीतून पुस्तक काढून ते शेवटचं पान एकदा मनातल्या मनात वाचलं, अक्षर न् अक्षर, जसं होतं तसं.

मग म्हणाल्या, “चला पेंटर. गाडी चुकेल.”